टीबी, घरच्या बोलीत

पुढची पुस्तिका अहिराणीत आहे आणि ही प्रस्तावना मराठीत. पुस्तिका ज्यांच्यासाठी लिहिली, त्यांतले बरेच जण ती स्वतः वाचणार नाहीत. ती त्यांना कुणीतरी वाचून दाखवणार आहे. आशाताई, अंगणवाडीताई, शाळेतले गुरुजी, किंवा बारावीला असलेली घरातलीच पोर. प्रस्तावना या वाचून दाखवणाऱ्यांसाठी आहे. ऐकणाऱ्याने मध्येच थांबवून काही विचारलं तर त्यांना उत्तर देता यावं, म्हणून ती जरा लांब झाली आहे.

नरडाणा हे धुळे जिल्ह्याच्या शिंदखेडा तालुक्यातलं गाव. मुंबई-आग्रा महामार्गावरचं, सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावरचं, एमआयडीसी असलेलं. इथे मराठी न समजणारं माणूस शोधावं लागेल. शाळा मराठी, पेपर मराठी, ग्रामपंचायतीचा फलक मराठी. मग रोगाची माहिती अहिराणीत कशाला, असं शिकलेले लोक विचारतात आणि त्यांचा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर असं की ऐकून समजणं वेगळं आणि तोंड उघडून विचारता येणं वेगळं. दवाखान्यात बाईला मराठीत सगळं सांगितलं जातं, ती मान हलवते, “हो” म्हणते आणि निघते. तिच्या मनातलं तसंच राहतं. नवऱ्याच्या ताटात जेवलं तर चालेल का, तान्ह्या पोराला अंगावर पाजू की नको, आंडेरचं, म्हणजे मुलीचं, लगन ठरत आलंय तर पाहुण्यांना सांगायचं का, या गोष्टी डॉक्टरांपुढे मराठीत विचारायला तिची जीभ रेटत नाही. त्या ती घरी येऊन जावेला अहिराणीत विचारते आणि जावेला जे ठाऊक असेल तेच उत्तर तिला मिळतं. आम्हाला त्या दुसऱ्या संभाषणात जागा हवी आहे.

भाषा-अभ्यासक ग्रियर्सनने 1907 साली आपल्या भाषा-सर्वेक्षणात खानदेशीचा, म्हणजे अहिराणी ज्या गटात मोडते त्याचा, समावेश भिल्ली भाषांच्या खंडात केला. तेव्हापासून ही मराठीची बोली की स्वतंत्र भाषा, हा वाद चालू आहे. तो अभ्यासकांनी चालवावा. 2011 च्या जनगणनेत 18 लाखांहून अधिक लोकांनी आपली मातृभाषा खानदेशी गटातली नोंदवली, एवढं आमच्या कामापुरतं पुरे आहे.

आता रोगाकडे वळू.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2023 साली भारतात सुमारे 28 लाख लोकांना नव्याने टीबी झाला, म्हणजे जगातल्या दर चार रुग्णांमागे एकाहून अधिक आपला. त्या वर्षी देशात या रोगाने 3 लाखांहून अधिक माणसं गेली. याची तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट आहे, औषध फुकट आहे आणि ते औषध लागू पडतं. इतकं असून माणसं जातात, याचं दुःख मोठं आहे. रोग उशिरा ओळखला जाणं आणि औषध मधेच सुटणं ही त्याची दोन मोठी कारणं. दोन्ही ठिकाणी कुणीतरी नीट समजावून सांगितलं असतं तर फरक पडला असता.

आपल्याकडे या रोगाची आठवण जुनी आहे. पुराणात दक्षाच्या शापाने चंद्राला क्षय जडला. थोरले माधवराव पेशवे 1772 च्या नोव्हेंबरात थेऊरला याच रोगाने गेले, वय सत्तावीस. अमेरिकेत जाऊन डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी 1887 च्या फेब्रुवारीत पुण्यात गेल्या तेव्हा त्यांना बावीसही पूर्ण नव्हती. एकाच्या हाती सत्ता होती, दुसरीच्या हाती वैद्यकाची पदवी, आणि दोघांनाही काही उपयोग झाला नाही, कारण औषधच नव्हतं. आनंदीबाईंच्या बाबतीत तर मन अधिकच हळहळतं. रॉबर्ट कॉख या जर्मन डॉक्टरांनी बर्लिनमध्ये 24 मार्च 1882 रोजी या रोगाचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं होतं. म्हणजे त्या गेल्या तेव्हा शत्रू कोण ते पाच वर्षांपासून माहीत होतं. पण त्याला मारणारं पहिलं औषध, स्ट्रेप्टोमायसिन, सापडायला 1943 उजाडावं लागलं. आज शिंदखेडा तालुक्यातल्या शेतमजुराला जे औषध मोफत मिळतं, ते पेशव्यांना मिळालं नव्हतं. हे ऐकणाऱ्यांना सांगताना जरा थांबावं. लोकांच्या मनात टीबी म्हणजे मरण ही जी गाठ बसली आहे, ती त्या औषधाविनाच्या शेकडो वर्षांत बसली आहे.

हा जंतू हवेतून पसरतो. फुप्फुसाचा टीबी झालेलं, औषध सुरू न झालेलं माणूस खोकतं, शिंकतं, मोठ्याने बोलतं, तेव्हा अगदी बारीक कण हवेत उडतात. बंद खोलीत ते तासन्‌तास तरंगत राहतात आणि दुसऱ्याच्या श्वासातून आत जातात. ताट, वाटी, तांब्या, कपडे, अंथरूण यांतून तो येत नाही. रक्तातून पिढीजात येत नाही. करणी, नजर, मागच्या जन्मीचं पाप यांचा त्याच्याशी संबंध नाही. जंतू शरीरात शिरला म्हणजे रोग झाला, असंही नाही. जगातल्या सुमारे पाव लोकांच्या शरीरात तो कधी ना कधी शिरलेला आहे. त्यांतल्या शंभरातल्या पाच ते दहा जणांनाच आयुष्यात केव्हातरी रोग होतो, बाकीच्यांचं शरीर त्याला दाबून ठेवतं. कुपोषण, मधुमेह, एचआयव्ही, बिडी, दारू यांनी ती दाबून ठेवण्याची ताकद कमी होते. एकाच घरात एकाला होतो आणि दुसऱ्याला होत नाही, त्याचं कारण इथे आहे.

लक्षणं पुस्तिकेत सोप्या वाक्यांत दिली आहेत: खोकला जास नही, संध्याकाळी आंगमा ताप ऱ्हास, भूक लागस नही, वजन कमी व्हस. रात्रीचा घाम आणि बेडक्यात रक्त हीसुद्धा आहेत. खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला तर तपासणी करायची, हा साधा नियम. आपल्या भागात तो पाळला जात नाही, कारण खोकल्याला कारण शोधायला इथे फार लांब जावं लागत नाही. जिनिंगमध्ये काम करणारा म्हणतो, रुईची धूळ गेली. दोंडाईच्याच्या बाजारात मिरची हाताळणारा म्हणतो, मिरचीचा ठसका आहे. बिडी ओढणारा म्हणतो, बिडीचा आहे. चुलीपुढची बाई धुराला दोष देते. तिघा-चौघांचंही म्हणणं खरं असू शकतं आणि त्याच छातीत टीबीही असू शकतो. वाचून दाखवणाऱ्याने ऐकणाऱ्यांशी यावर वाद घालू नये. धूळ असेल, मिरची असेल, पण बेडका तपासून घेऊ, इतकंच म्हणावं. बेडका म्हणजे छातीतून जोर लावून खोकून काढलेला, सकाळी उठल्या उठल्याचा असेल तर उत्तम. डबीत तोंडातली नुसती लाळ दिली तर तपासणी फुकट जाते आणि रोग असून नाही असा अहवाल हाती येतो. पूर्वी सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं एवढाच मार्ग होता. आता जंतूचा अंश शोधणारी यंत्रं आहेत. त्यांतलं ट्रूनॅट भारतातच तयार झालं, बॅटरीवर चालतं आणि तालुक्याच्या ठिकाणीही वापरता येतं. ही यंत्रं जंतू दाखवतात आणि मुख्य औषधाला तो दाद देणार की नाही, तेही काही तासांत सांगतात.

टीबी छातीबाहेरही होतो. मानेतल्या गाठी, ज्यांना जुनी माणसं कंठमाळ म्हणतात, पाठीचा मणका, पोट, मेंदूचं आवरण, कुठेही. नखं आणि केस सोडून, असं डॉक्टर सांगतात. मानेच्या गाठीवर लेप लावत महिने घालवलेली माणसं प्रत्येक गावात आहेत. दंडावरची बीसीजीची खूण पाहून “लस झालीय, आता टीबी कसा होईल” असंही बरेच जण म्हणतात. ही लस 1921 मध्ये पॅरिसला पहिल्यांदा दिली गेली. ती लहान मुलांना मेंदूच्या आणि अंगभर पसरणाऱ्या टीबीपासून वाचवते, मोठ्या माणसाच्या फुप्फुसाच्या टीबीवर तिचा भरवसा धरता येत नाही.

आता या पुस्तिकेमागचा मुख्य विचार. औषधं निघाली तेव्हाही बरेच डॉक्टर म्हणत होते की रुग्णाला सॅनेटोरियममध्ये ठेवल्याशिवाय तो बरा होणार नाही. मोकळी हवा, विश्रांती, दूध-अंडी, शिस्त, हे सगळं तिथेच मिळणार. पाचगणीला, मिरजेला अशी सॅनेटोरियमं होती. पण देशात रुग्ण लाखोंनी आणि खाटा हजारांत. मग 1956 साली मद्रासमध्ये एक अभ्यास सुरू झाला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची मेडिकल रिसर्च कौन्सिल यांनी मिळून तो केला. शहरातले गरीब रुग्ण घेतले. काहींना सॅनेटोरियममध्ये ठेवलं, काहींना त्यांच्याच दाटीवाटीच्या घरात राहू दिलं, औषध दोघांना सारखं. घरी राहिलेल्यांना खायला कमी मिळत होतं, विश्रांती कमी होती, हवा कोंदट होती. 1959 मध्ये निकाल आला: घरचे रुग्ण जवळपास तितकेच बरे झाले. पुढे त्यांच्या घरच्यांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं, तेव्हा रुग्ण घरात राहिल्यामुळे त्यांना जास्त टीबी झाला, असंही दिसलं नाही. जगभरात टीबीचा उपचार रुग्णालयातून घरात आला तो या आपल्या मद्रासच्या निकालावर. भारताचा राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम 1962 साली याच पायावर उभा राहिला.

याचा अर्थ मला असा दिसतो. सॅनेटोरियममध्ये रुग्णाला समजलं नाही तरी चाले, नर्स वेळेवर गोळी देत होती. उपचार घरी आला त्या दिवसापासून नर्सचं काम घरातल्या माणसांवर आलं: बायकोवर, सासूवर, मोठ्या भावावर. औषध घरात पोचवण्याची व्यवस्था सरकारने साठ वर्षांत बरीच नीट केली. समजावून सांगणं मात्र दवाखान्याच्या भाषेतच राहिलं, उंबऱ्याच्या आत आलं नाही. बरीच औषधं अर्धवट सुटतात ती इथे.

कशी सुटतात, ते नीट पाहू. साध्या टीबीला सहा महिने रोज औषध. पहिले दोन महिने चार औषधं एकत्र, पुढचे चार महिने तीन. औषध सुरू झाल्यावर काही आठवड्यांतच ताप उतरतो, भूक लागते, खोकला थांबतो. दोन महिन्यांत माणूस शेतात जायला लागतो. त्याला वाटतं, झालं. पण शेतातला कुंदा वरून कापला म्हणजे गेला असं होत नाही, मुळ्या काळ्या जमिनीत खोल असतात आणि पुढच्या पावसात तो पुन्हा वर येतो. टीबीचे काही जंतू तसेच निपचित पडून राहतात, त्यांना शेवटचे चार महिनेच मारतात. मधे थांबलं तर उरलेले जंतू पुन्हा वाढतात, आणि त्यांतले काही त्या औषधाला दाद देईनासे झालेले असू शकतात. मग उपचार कठीण होतो, औषधं बदलावी लागतात, त्यांचा त्रासही जास्त. अशा रुग्णांसाठीही आता सहा महिन्यांचा, सगळा तोंडाने घ्यायच्या गोळ्यांचा उपचार भारतात 2024 मध्ये मान्य झाला आहे. पूर्वी त्यांना दीड-दोन वर्षं औषध आणि कित्येक महिने सुया घ्याव्या लागत. तरीही त्या वाटेला जायची वेळ कुणावर येऊ नये.

औषध सोडण्याचं दुसरं कारण भीती. गोळ्या सुरू झाल्यावर लघवी लालसर केशरी होते. आधी कुणी सांगितलं नसेल तर माणूस समजतो रक्त जातंय, आणि गोळ्या फेकून देतो. तो औषधाचा रंग आहे, त्यात घाबरायचं काही नाही. मळमळ होते, सांधे दुखतात, हातापायाला मुंग्या येतात, त्यांवर दवाखान्यात उपाय आहेत. मात्र डोळे पिवळे झाले, उलट्या थांबेनात किंवा नजर अंधूक झाली, लाल-हिरव्यातला फरक कळेनासा झाला, तर लगेच डॉक्टरांकडे जायचं. कुटुंबनियोजनाच्या गोळ्या खाणाऱ्या बाईला हेही सांगायला हवं की टीबीच्या औषधाने त्या गोळ्यांचा परिणाम कमी होतो, दुसरं साधन वापरावं लागतं. ही गोष्ट बाईनेच बाईला सांगायची आहे, म्हणून पुस्तिकेत तिला वेगळं पान दिलं आहे.

तिसरं कारण पोटाचं. नरडाण्याच्या स्टेशनावरून गाडी सरळ सुरतेला जाते. उधना, लिंबायत इथे खानदेशातली हजारो घरं आहेत, आज इथला पोरगा उद्या तिथे लूमवर असतो. साक्री-नंदुरबारकडची कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला दक्षिण गुजरातेत जातात, पोरंबाळं घेऊन, महिनोन्‌महिने. औषध इथे आणि माणूस तिथे. यासाठी लोकांना एकच गोष्ट पाठ व्हायला हवी: जाण्याआधी आशाताईला सांगा. प्रत्येक रुग्णाची सरकारच्या निक्षय पोर्टलवर नोंद असते आणि त्याला एक क्रमांक मिळतो. तो क्रमांक दाखवला की देशात कुठल्याही सरकारी दवाखान्यात, गुजरातेतही, पुढचं औषध मिळू शकतं. खासगी डॉक्टरकडे उपचार घेणाऱ्याचीही नोंद 2012 पासून बंधनकारक आहे आणि सरकारी लाभ त्यालाही मिळतात.

लपवण्याबद्दल मात्र मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण इथे औषध हरतं. सुनेला टीबी निघाला की तिला माहेरी धाडतात. मुलगी असेल तर घरातले तिला गावच्या दवाखान्यात नेतच नाहीत, कुणी पाहिलं तर लगन मोडेल म्हणून. तालुक्याला, जिल्ह्याला, ओळख नसेल तिथे नेतात, आणि अंतर वाढलं की खेपा कमी होतात. पुरुषाला झाला तर बायको सेवा करते, बाईला झाला तर तिचं ताट वेगळं निघतं. ताट वेगळं काढून काहीही साधत नाही, हा रोग ताटातून येतच नाही. योग्य औषध लागू पडलं की साधारण दोन आठवड्यांत माणसापासून दुसऱ्याला लागण होण्याचा धोका खूप कमी होतो. तेवढे दिवस तोंडाला रुमाल किंवा मास्क, खिडकी उघडी, निजायला हवेशीर जागा, बस. आईने बाळाला अंगावर पाजावं, तोंडावर पदर घेऊन. उपचार पुरा झालेली मुलगी लग्न करू शकते, तिला मुलं होऊ शकतात. पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे: टीबी बरा व्हस. वाचून दाखवणाऱ्याने हे पान एकट्या रुग्णापुढे वाचू नये. सासू, सासरे, दीर, जाऊ, सगळ्यांना बसवून वाचावं. औषध रुग्णाला लागतं, माहिती सगळ्या घराला.

आणि जेवण. टीबी झाला की पथ्याच्या नावाखाली आधीच अशक्त माणसाचं खाणं तोडतात. शेंगदाणे उष्ण, दही थंड, डाळ जड. हे चूक आहे. झारखंडमध्ये 2019 पासून डॉ. अनुराग आणि डॉ. माधवी भार्गव यांच्या नेतृत्वाखाली मोठा अभ्यास झाला आणि 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. 2,800 रुग्ण, त्यांच्या घरचे 10 हजारांहून अधिक लोक. सगळ्या रुग्णांना धान्य दिलं. निम्म्या घरांत रुग्णाखेरीज बाकीच्या माणसांनाही दर महिन्याला माणशी 5 किलो तांदूळ, दीड किलो तूरडाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या. त्या घरांत नवा टीबी होण्याचं प्रमाण जवळपास 40 टक्क्यांनी कमी झालं. पुरेसं, सकस खाणं मिळालं तर घरातल्या बाकीच्यांना टीबी होण्याचा धोका कमी होतो, असं यावरून दिसतं. आपल्याकडे कळण्याची भाकरी आहे, तूर, उडीद, मूग आहे, शेंगदाणा आहे, चालत असेल त्याला अंडं आहे. महाग टॉनिकच्या बाटलीपेक्षा त्या पैशांची डाळ आणावी. निक्षय पोषण योजनेतून रुग्णाला 2018 पासून महिन्याला 500 रुपये मिळत होते, नोव्हेंबर 2024 पासून 1,000 मिळतात. ते बँक खात्यात जमा होतात. खातं नसेल तर उघडून देण्याचं काम शिकलेल्या शेजाऱ्याने करावं. घरातल्या बाकीच्यांची, विशेषतः लहान मुलांची, तपासणी करून त्यांना प्रतिबंधक औषध द्यायची सोयही कार्यक्रमात आहे, ती मागून घ्यावी.

असं काम आपणच करतो आहोत असं नाही. पश्चिम आफ्रिकेत गांबिया नावाचा छोटा देश आहे. कारभाराची भाषा इंग्रजी, पण लोकांच्या घरात मांडिंका, वोलोफ, फुला. मद्रासच्या अभ्यासात सहभागी असलेल्या त्याच मेडिकल रिसर्च कौन्सिलने तिथे 1947 मध्ये संशोधन केंद्र उघडलं आणि टीबीवर तिथे बरंच काम झालं. तिथेही मांडिंका बोलणाऱ्या आजीपुढे बसून हा रोग तिच्या भाषेत, तोंडी, पुन्हा पुन्हा समजावून सांगावा लागतो. शिरपूरच्या उत्तरेला सातपुड्यात पावरा घरांत गेलात तर ही अहिराणी पुस्तिकाही परकीच ठरेल. तिथल्या मुलामुलींनी ती पावरीत सांगावी, आम्हाला विचारायचीही गरज नाही. अहिराणीही सगळीकडे एकसारखी नाही. शिंदखेड्याची निराळी, बागलाणची निराळी. वाचताना आपल्या गावचा शब्द खुशाल घालावा. फक्त तीन गोष्टी बदलू नयेत: औषधाचे महिने, धोक्याची लक्षणं आणि पहिल्या पानावरचं वाक्य.

एकाच बैठकीत सगळं वाचू नका. दोन पानं वाचा आणि लोकांना बोलू द्या. ज्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला येत नसेल तो लिहून घ्या आणि जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा, किंवा 1800-11-6666 या निक्षयच्या मोफत क्रमांकावर फोन करा. आणि ज्याने प्रश्न विचारला, त्याच्या घरी उत्तर घेऊन परत जा.